वर्दी जवानाची, निर्णय कोणाचा?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने ४ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पदचिन्हे बदलणार असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस नवी पदचिन्हे प्रसिद्ध झाली आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन त्यांवर विराजमान झाला. महाराष्ट्रात या निर्णयाचे स्वागत होणे स्वाभाविकच होते. तत्पूर्वी जानेवारी २०२२ मध्ये लष्कर दिनाच्या संचलनात पॅराशूट रेजिमेंटच्या कमांडोंनी नवा 'डिजिटल' लढाऊ गणवेश परिधान केला होता. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला हवाई दलाने चंडीगढला आपला नवा लढाऊ गणवेश दाखवला. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर व त्यावरील सर्व लष्करी अधिकाऱ्यांना एकसमान गणवेश लागू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलाच्या भोजनगृहांत कुर्ता-पायजम्याला परवानगी मिळाली. अवघ्या दोन-सव्वादोन वर्षांत तिन्ही दलांच्या वेशभूषेत इतके फेरबदल यापूर्वी क्वचितच झाले असतील.

या प्रत्येक निर्णयावर वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून भरपूर चर्चा झाली. वसाहतवादाचे जोखड, भारतीय परंपरा, रेजिमेंटचा अभिमान, तिन्ही दलांचे एकात्मीकरण असे मोठमोठे विषय तीत आले. मात्र जो जवान दिवसाचे चौदा-सोळा तास ही वर्दी अंगावर वागवतो, तिच्यातच घाम गाळतो, चिखलातून सरपटतो आणि प्रसंगी तिच्यातच प्राण ठेवतो, त्याला विचारले असते तर त्याने तीत काय बदलले असते, हा प्रश्न या चर्चेत अभावानेच उपस्थित झाला.

आपल्याकडे या प्रश्नाचे जाहीर उत्तर मिळणे कठीण आहे. सेवेतील जवानाने परवानगीशिवाय वृत्तपत्रांकडे जाण्यास लष्करी नियमांची स्पष्ट मनाई आहे आणि शिस्तीच्या दृष्टीने तिचे समर्थनही करता येते. अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तेथील सैनिक आपल्या लोकप्रतिनिधीला थेट पत्र लिहू शकतो, तक्रार करू शकतो. त्यामुळे गणवेशाबाबत सैनिकांचे म्हणणे काय होते, वरिष्ठांनी काय केले आणि त्याची किंमत किती मोजावी लागली, याची जितकी नोंद त्या देशात उपलब्ध आहे तितकी बहुधा अन्यत्र कोठेही नाही. ही नोंद वाचली की लक्षात येते ते असे, की सैनिकांच्या मागण्या अगदी साध्या असतात. दिसू नये, भाजू नये, घासू नये, खिसा हाताशी यावा आणि तो आवाज न करता उघडावा.

१४ जून २००४ रोजी अमेरिकी लष्कराने नवा लढाऊ गणवेश जाहीर केला. जंगल, वाळवंट आणि शहर या तिन्ही ठिकाणी चालेल असा एकच नक्षीप्रकार, ही त्यामागची कल्पना. करड्या-हिरवट रंगाचे छोटे छोटे चौकोन असलेली ही नक्षी संगणकाच्या युगाला साजेशी दिसत होती. इराकमध्ये ती कशीबशी निभावून गेली. अफगाणिस्तानच्या तपकिरी डोंगरउतारांवर आणि हिरव्या खोऱ्यांत मात्र ती लपवण्याऐवजी दाखवू लागली. सर्वत्र चालावी म्हणून केलेली वस्तू कोठेच धड चालत नाही, हा अनुभव शिंप्याच्या दुकानात आपण सारेच घेतो. येथे त्या अनुभवाशी माणसांचे प्राण जोडलेले होते.

सैनिकांनी तक्रारी केल्या, पण त्यांची दखल लष्करी मुख्यालयाने आपणहून घेतली नाही. कनिष्ठ स्तरावरील काही सैनिकांनी आपले गाऱ्हाणे काँग्रेस सदस्य जॉन मुर्था यांच्या कानी घातले. मुर्था स्वतः मरीन दलातून व्हिएतनाममध्ये लढलेले होते आणि संरक्षण खर्चाला मंजुरी देणाऱ्या उपसमितीचे अध्यक्ष होते. २००९ मध्ये काँग्रेसने खर्चाच्या विधेयकातूनच लष्कराला आदेश दिला, की अफगाणिस्तानातील सैनिकांना तेथील भूभागाला योग्य असा गणवेश द्या. त्याच वर्षी नॅटिक येथील लष्कराच्याच संशोधन केंद्राचा अहवाल प्रसिद्ध झाला. इतर चार नक्षीप्रकार या अधिकृत नक्षीपेक्षा १६ ते ३६ टक्क्यांनी सरस ठरल्याचे त्यात नमूद होते. जे सैनिक डोळ्यांनी पाहून सांगत होते, तेच प्रयोगशाळेने आकड्यांत सांगितले. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, अफगाणिस्तानला जाणाऱ्या तुकड्यांना 'मल्टिकॅम' नावाच्या वेगळ्या नक्षीचे गणवेश मिळू लागले.

संपूर्ण लष्कराला पर्यायी नक्षी मिळण्यास मात्र आणखी कितीतरी काळ लागला. नवी नक्षी २०१४ मध्ये मंजूर झाली, २०१५ च्या जुलैपासून उपलब्ध झाली आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. म्हणजे चुकीचा गणवेश दाखल झाल्यापासून तो पूर्णपणे हद्दपार होईपर्यंत पंधरा वर्षे गेली. त्यावरील एकूण खर्च पाच अब्ज डॉलर असल्याचे अमेरिकी वृत्तपत्रीय वृत्तांतांत म्हटले गेले. काँग्रेससाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या जीएओ या कार्यालयाने २०१२ च्या अहवालात तर साऱ्या सैन्यदलांच्या कारभारावरच बोट ठेवले. २००२ पासून तेथील दलांनी मिळून सात नवे लढाऊ गणवेश आणले होते, आणि एकाने दुसऱ्याला विचारले नव्हते. प्रत्येक दलाला आपण वेगळे दिसावे असे वाटत होते. रणांगणावर शत्रूला न दिसण्यासाठी असलेला कपडा शेजारच्या दलापासून उठून दिसण्यासाठी शिवला जात होता.

अमेरिकी नौदलाने या हव्यासाचा कळसच गाठला. तेथील खलाशांना निळ्या-करड्या चौकोनांची नक्षी असलेला गणवेश देण्यात आला. जहाजावर कोणापासून लपायचे, हा प्रश्न कोणालाही पडेल. खलाशांमध्ये त्यावर विनोद रूढ झाला, की हा गणवेश एकदाच उपयोगी पडतो, तो म्हणजे माणूस समुद्रात पडल्यावर आणि त्याला कोणी शोधू नये असे वाटत असल्यास! विनोदाचा भाग सोडला तरी पुढे उघड झालेली गोष्ट गंभीर होती. नायलॉन-सुताचा हा कपडा आगीत वितळून जळतो आणि अंगाला चिकटतो, हे नौदलाच्याच चाचणीत २०१२ मध्ये स्पष्ट झाले. जहाजावर शत्रूच्या गोळीइतकीच, किंबहुना अधिक भीती आगीची असते, हे कोणताही जुना खलाशी सांगू शकला असता. १ ऑक्टोबर २०१९ रोजी हा निळा गणवेश अधिकृतपणे निकालात निघाला.

छोट्या गोष्टींची कथा तर अधिकच बोलकी आहे. २००४ च्या गणवेशात बटणांऐवजी बऱ्याच ठिकाणी वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या होत्या. कागदावर कल्पना सुटसुटीत होती. प्रत्यक्षात धूळ आणि वाळू अडकून पट्ट्या चिकटेनाशा झाल्या आणि रात्रीच्या गस्तीत खिसा उघडला की 'चर्र' असा आवाज शांततेत दूरवर जाऊ लागला. अखेरीस मांडीवरच्या खिशांना पुन्हा बटणे आली. २००१ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी साऱ्या लष्कराला काळी बेरे टोपी सक्तीची केली होती. तोवर ही टोपी रेंजर्स या निवडक दलाची ओळख होती. त्यामुळे रेंजर्स नाराज झाले. आणि ज्यांना ती मिळाली, तेही खूश झाले नाहीत. लोकरीची ही टोपी उन्हात तापते, तिला पुढे छज्जा नसल्याने डोळ्यांवर सावली पडत नाही आणि ती नीट घालायला दोन हात व आरसा लागतो, अशा तक्रारी दहा वर्षे होत राहिल्या. जून २०११ मध्ये रोजच्या लढाऊ गणवेशाबरोबर साधी छज्जाची टोपी परत आली. समारंभी गणवेशासोबत बेरे टिकून राहिली, आणि तेथे ती शोभतेही.

बाह्यांचे उदाहरण तर गमतीचे वाटावे असे. मरीन दलाने २०११ मध्ये वाळवंटी गणवेशाच्या बाह्या दुमडण्यास बंदी घातली. नंतर दलप्रमुख जेथे जातील तेथे मरीन सैनिक हाच प्रश्न विचारू लागले आणि २०१४ मध्ये बंदी उठली. २०१६ मध्ये अमेरिकी लष्करानेही टेक्सासमधील एका तळावर प्रयोग करून बाह्या दुमडण्यास मुभा दिली. एवढ्याशा सवलतीचे सैनिकांनी ज्या उत्साहाने स्वागत केले, त्यावरून त्यांच्या आयुष्यात या गोष्टींना किती महत्त्व असते याची कल्पना यावी.

न विचारण्याची परिसीमा मात्र अफगाणिस्तानात झाली. अमेरिकी पैशांतून उभ्या राहिलेल्या अफगाण सैन्यासाठी एका खासगी कंपनीची दाट वनराईची नक्षी निवडण्यात आली. ज्या देशाचा जेमतेम दोन टक्के भूभाग वनाच्छादित आहे, त्या देशाच्या सैन्यासाठी! अफगाण पुनर्उभारणीच्या खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी महानिरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात याचे कारण नोंदवले आहे. तत्कालीन अफगाण संरक्षणमंत्री अब्दुल रहीम वर्दक यांना संकेतस्थळावर नमुने दाखवले गेले आणि त्यांना ही नक्षी आवडली. ती कोणत्या भूभागावर चालेल याची चाचणी झाली नव्हती. या आवडीपायी अमेरिकी करदात्याला २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जादा भुर्दंड पडला असावा, असा महानिरीक्षकांचा हिशेब होता. त्या गणवेशात डोंगरावर उभ्या राहणाऱ्या अफगाण शिपायाला ती आवडली होती का, हे अर्थातच कोणी विचारले नाही.

ही परदेशी उदाहरणे वाचून हसण्यापूर्वी आपला इतिहास आठवावा. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये नामका चू नदीच्या काठी, तेव्हाच्या नेफा प्रदेशात, आपले जवान सुती उन्हाळी गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत चिनी सैन्यासमोर उभे होते. त्यांचे नेतृत्व करणारे सातव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांनी नंतर हा सारा अनुभव पुस्तकरूपाने लिहून ठेवला. त्या पराभवाची राजकीय आणि सामरिक कारणे अनेक होती. पण उंचावरील थंडीत सुती कपड्यावर लढायला पाठवलेल्या जवानाच्या दृष्टीने पहिले कारण त्याच्या अंगावरच होते.

त्यानंतर जवळपास सहा दशकांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अर्थात 'कॅग'चा, एक अहवाल संसदेत मांडला गेला. सियाचीन, लडाख आणि अशाच अतिउंचीवरील जवानांच्या कपडे-साहित्याची तपासणी त्यात होती. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशापासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के इतका आढळला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात जवानांना बहुउपयोगी बूटच मिळाले नव्हते. उपलब्ध जुने बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले. चेहऱ्याचे मुखवटे, जाकिटे आणि स्लीपिंग बॅगा जुन्या पद्धतीच्या घेतल्या गेल्याने सुधारित साहित्याचा लाभ जवानांना मिळाला नाही, असेही कॅगने म्हटले. लष्कराने त्यावर ही आकडेवारी जुन्या काळातील असून परिस्थिती सुधारली असल्याचे स्पष्टीकरण दिले. त्याच वर्षी गलवानच्या संघर्षानंतर हजारो जादा जवान लडाखमध्ये हिवाळा काढणार हे निश्चित झाले, तेव्हा अमेरिकेकडून तातडीने थंडीचे कपडे मागवावे लागले. सियाचीनवर १९८४ पासून शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने अधिक बळी घेतले आहेत. तेथील जवानाला गणवेशात काय बदलायचे असेल याचा अंदाज करण्यास फारशी कल्पनाशक्ती लागू नये. त्याला आधी ठरलेली वस्तू वेळेवर आणि नवी कोरी हवी असेल.

बूट हा विषय तर जगभरच्या सैन्यांत सारखाच आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांच्या आखूड बुटांत पाणी शिरून पाय सडण्याचा विकार झाला, आणि मग कोठे ब्रिटिश लष्कराने उंच चामडी बूट आणले. पायदळाचा जवान जनरलसाहेबांच्या टोपीकडे पाहत नाही, आपल्या टाचेकडे पाहतो. परंतु खांद्यावरचे चिन्ह बदलायला एक आदेश पुरतो. बूट बदलायला मात्र संशोधन, चाचण्या, निविदा, पुरवठादार, गुणवत्ता-तपासणी अशी लांबलचक साखळी हलवावी लागते. चिन्हांचे बदल लवकर होतात आणि वापराचे बदल रेंगाळतात, यामागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पण राज्यकर्त्यांना छायाचित्रात दिसणारा बदल अधिक मोलाचा वाटतो, हेही नाकारता येत नाही.

या पार्श्वभूमीवर लष्कराच्या २०२२ च्या डिजिटल गणवेशाकडे जरा आदराने पाहावे लागेल. त्यावेळच्या चर्चेत सारा भर नक्षीवर होता. त्यातला खरा बदल मात्र कापडात आणि शिवणीत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे 'निफ्ट'च्या, साहाय्याने पंधरा नक्षी, चार आराखडे आणि आठ प्रकारची कापडे तपासून ही निवड झाल्याचे लष्कराने सांगितले. सत्तर टक्के सूत आणि तीस टक्के पॉलिएस्टर असे मिश्रण असल्याने कापड हलके आहे आणि लवकर वाळते. पावसाळी जंगलात ओल्या कपड्याने दोन-दोन दिवस काढणाऱ्या जवानाला याचे मोल कळेल. सदरा पँटमध्ये खोचायचा नाही, पट्टा आतून बांधायचा, हा बदलही दिसायला किरकोळ आहे. पण खोचलेला सदरा वाकताना, चढताना, पाठीवर ओझे घेतल्यावर वर ओढला जातो, हे ज्याने अनुभवले त्याला तो किरकोळ वाटणार नाही. कपडे डझनाहून अधिक मापांत तयार मिळतात.

जुन्या व्यवस्थेत याच मुद्द्यावर मोठा गोंधळ होता. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये कपड्यांशी संबंधित वेगवेगळे भत्ते एकत्र करून जवानाला वर्षाला दहा हजार रुपये आणि अधिकाऱ्याला वीस हजार रुपये गणवेश-भत्ता सुरू झाला. त्याच सुमारास आयुध कारखान्यांकडून होणारी कपड्यांची खरेदी कमी करण्यात आली. शहाजहानपूर, आवडी येथील कपड्यांच्या कारखान्यांतील कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. जवानाच्या बाजूने परिणाम असा, की ज्याने-त्याने छावणीच्या बाजारातून कापड घ्यावे आणि ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्यावे. एकाच पलटणीत हिरव्या रंगाच्या चार छटा दिसू लागल्या. कापडाची प्रत दुकानदाराच्या सचोटीवर अवलंबून राहिली. आणि तेच कापड कोणीही विकत घेऊ शकत असल्याने सुरक्षेचा प्रश्न निर्माण झाला तो वेगळाच. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी लष्करी वेशात होते, हे विसरता येत नाही.

नव्या गणवेशाचे स्वामित्वहक्क कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात नोंदवण्यात आले आणि त्याची विक्री लष्कराच्या कॅन्टीन भांडारांपुरती मर्यादित ठेवण्यात आली. सुरुवातीला पन्नास हजार संच देशभरातील पंधरा भांडारांत पोहोचवण्यात आले. त्यांत मुंबई आणि पुण्याजवळची खडकी ही दोन ठिकाणे होती. छावण्यांतील लष्करी व मुलकी शिंप्यांसाठी निफ्टच्या मदतीने प्रशिक्षणही घेण्यात आले, ही बाब उल्लेखनीय आहे. कारण कितीही मापांत कपडा आला तरी शेवटी तो अंगावर बसवतो तो छावणीचा शिंपीच. जवानांना सरकारी पुरवठ्यातून देण्यासाठी ११ लाख ७० हजार संचांच्या खरेदीची योजना लष्कराने त्यावेळी जाहीर केली होती.

यात एक बाजू अद्याप पुरेशी उजेडात आलेली नाही, ती महिलांची. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी लष्करातील महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नियुक्तीचा मार्ग खुला केला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील सतरा जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. लष्करी पोलीस दलात महिला जवान आहेत. डिजिटल गणवेशात महिलांसाठी वेगळी मापे आहेत, हे चांगलेच. पण प्रश्न सदऱ्याच्या मापाने सुटत नाही. छातीवरचे संरक्षक कवच, पाठीवरची पिशवी, शिरस्त्राण, बूट ही सारी सामग्री पिढ्यान् पिढ्या पुरुषाच्या देहाचा आराखडा धरून बनत आली आहे. अमेरिकी लष्कराने महिलांच्या मापाचे कवच प्रत्यक्ष तुकडीला दिले ते इराक व अफगाण युद्धांना दहा वर्षे उलटल्यानंतर. तोवर तेथील महिला सैनिक पुरुषांचे छोट्या मापाचे कवच घालीत होत्या, ते खांद्यातून सैल आणि कमरेवर रुतणारे असे, आणि बंदूक नीट खांद्याला लावता येत नसल्याच्या त्यांच्या तक्रारी होत्या. एवढेच नव्हे, तर गणवेशातील वारंवार होणाऱ्या बदलांचा आर्थिक भार पुरुषांपेक्षा महिलांवर अधिक पडतो, असा निष्कर्ष जीएओने २०२१ मध्ये काढला. बदलाचा आदेश निघतो आणि नवा कपडा सैनिकाने आपल्या खिशातून घ्यायचा असतो, हे या अहवालामुळे ठळकपणे पुढे आले. आपल्याकडेही पदचिन्हे किंवा टोपी बदलली की जुनी वस्तू पेटीत जाते आणि नवी भत्त्यातून विकत घ्यावी लागते. अशा बदलांचा प्रति माणशी खर्च जाहीर करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. ती सुरू झाली तर समारंभी बदलांची घाई थोडी कमी होईल, असे वाटते.

याचा अर्थ चिन्हांना मोल नाही, असा नव्हे. रेजिमेंटच्या टोपीवरील तुरा, खांद्यावरची दोरी, छातीवरचा बिल्ला यांसाठी माणसे जिवावर उदार होतात. बेळगावच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला याबाबत वेगळे सांगावे लागणार नाही. ब्रिगेडियर व त्यावरील अधिकाऱ्यांच्या एकसमान गणवेशाला निवृत्त अधिकाऱ्यांतून जो विरोध झाला तो याच भावनेतून. वरिष्ठ पदावर गेल्यावर अधिकाऱ्याने सर्व रेजिमेंटांकडे सारख्या नजरेने पाहावे, हा लष्कराचा युक्तिवाद मला अधिक पटतो; पण निवृत्तांची हळहळ खोटी म्हणता येणार नाही. नौदलाच्या अष्टकोनाबाबतही तेच. सिंधुदुर्ग बांधणाऱ्या राजाची आठवण अधिकाऱ्याच्या खांद्यावर असावी, यात गैर काय? प्रश्न आहे तो क्रमाचा. इंजिन-खोलीतल्या खलाशाच्या डांगरीचे कापड आग सोसते का, तिची शेवटची चाचणी कधी झाली, हे आधी विचारले जावे.

विचारायचे कसे, याची व्यवस्था आपल्या सैन्यात नाही असेही नाही. प्रत्येक युनिटमध्ये नियमितपणे सैनिक संमेलन भरते. कमांडिंग अधिकारी जवानांसमोर उभा राहतो, मुद्दे मागवतो. रजा, राहण्याची जागा, मुलांच्या शाळा, लंगरचे जेवण असे प्रश्न तेथे येतात आणि त्यांतले बरेच जागच्या जागी सुटतातही. बुटाचा तळ कोणत्या महिन्यात सुटतो, जाकिटाची साखळी थंडीत कोठे अडते, हे तेथे सांगितले गेले तरी युनिटच्या अखत्यारीत त्यावर उपाय नसतो. ही माहिती गोळा होऊन गुणवत्ता-तपासणी विभागापर्यंत आणि निविदेतील अटींपर्यंत पोहोचली, तर तिचा उपयोग आहे. अमेरिकेत हे काम काँग्रेस सदस्याच्या दबावाने झाले. आपल्याकडे जवानाला खासदाराच्या दारी जाण्याची मुभा नाही, म्हणूनच हा आतला मार्ग अधिक रुंद असायला हवा. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आणि कॅग यांनी अतिउंचीवरील कपड्यांबाबत जे केले, तेच मैदानी गणवेशाबाबत ठराविक मुदतीने करायला हरकत नाही.

डिजिटल गणवेशाचा एक संच साधारण पंधरा महिने टिकावा, असे लष्कराने गृहीत धरले आहे. २०२३ मध्ये ज्यांना पहिला संच मिळाला, त्यांचा तो केव्हाच विरून गेला असणार. राजस्थानच्या उन्हात पॉलिएस्टरचा तो तीस टक्के अंश अंगाला कसा वाटला, ईशान्येच्या पावसात कापड खरोखर किती तासांत वाळले, चाळीस धुण्यांनंतर नक्षी किती फिकी पडली, आतून बांधलेल्या पट्ट्यावर काडतुसांचे पाउच कसे बसले, याची उत्तरे आता लाखो जवानांपाशी तयार आहेत.